अहवालात न आलेलं आभाराचं पान

ती. मिस्त्रीमामा यांना,
शि. सा. न. वि. वि.

मामा, गेल्या महिन्यात कॉलेजात प्रोजेक्टचा अहवाल जमा केला. काळं बायंडिंग, वर सोनेरी अक्षरं. त्यात सर्टिफिकेटनंतर आभाराचं एक पान असतं. त्याचा नमुना कॉलेजकडून ठरलेला असतो: प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक, शेवटी आईवडील आणि मित्रमंडळी. मी त्यात तुमच्यासाठी एक ओळ वाढवली होती. नमुन्यात बसत नाही म्हणून ती काढायला लावली. जमा करायचा शेवटचा दिवस होता, मी वाद घातला नाही. पण ते मनाला लागून राहिलं. म्हणून ते पान आता इथं लिहिते, सगळ्यांच्या देखत. नाव घालू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. लातुरात तुमच्या हाताखाली ज्यांनी काम केलंय ते ओळखतीलच. मोबाइलवर अक्षर बारीक दिसलं तर नातवाला मोठं करून द्यायला सांगा.

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अर्धवेळ कोर्सला नाव घातलं तेव्हा मला फीची काळजी होती. खरी अडचण निघाली शनिवारची. तास शनिवारी दुपारी तीनपासून आणि रविवारी दिवसभर. आणि शनिवार म्हणजे आपल्याकडं बांधकामावर पगाराचा दिवस. आठवड्याची हजेरी काढायची, उचल वजा करायची, गवंड्याचा हिशेब वेगळा, बिगाऱ्याचा वेगळा, आणि बायामाणसांना बाजार गाठता येईल अशा वेळेला पैसे हातात पडले पाहिजेत. साइट इंजिनियर म्हणून हे सगळं माझ्याकडं होतं. मालकांनी सरळ सांगितलं, शिकायचं असेल तर नोकरी सोडून शिका. तुम्ही तिथंच ओळंब्याची दोरी गुंडाळत उभे होता. तेव्हा काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मालक गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणालात, "शनिवारची हजेरी माझ्याकडं द्या. एक रुपया चुकला तर माझ्या पगारातून कापा."

दोन वर्षं, मामा. दोन वर्षांत मी वर्गात बसलेली असताना पगाराच्या भानगडीचा एक फोन आला नाही. सोमवारी सकाळी मस्टर माझ्या टेबलावर असायचं. प्रत्येक नावापुढं सही नाहीतर अंगठा, आणि तळाला तुमची बेरीज, खाली दोन रेघा मारलेली. मी ती बेरीज पहिले चार आठवडे तपासली. नंतर तपासली नाही.

पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात नापास झाले ते तुम्हाला घरच्यांच्या आधी कळलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं सिव्हिलचा डिप्लोमा. तिथं निदान आकृत्या होत्या, भूमिती होती. इथं पानंच्या पानं इंग्रजी गद्य. शब्द पाठ व्हायचे, अर्थ हाताला लागायचा नाही. त्या दुपारी मी स्टोअरच्या दारात बसून सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर गोल आणि बाण काढत होते. तुम्ही विचारलंत, "काय लिहिलालाव ताई?" मी सांगितलं, प्रत्येक कामाला किती दिवस, कोणतं काम कशाच्या आधी, हे मांडायचं, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंतची सगळ्यांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं एक काम एक दिवस मागं पडलं की अख्खी इमारत एक दिवस मागं पडते. पुस्तकात त्याला क्रिटिकल पाथ म्हणतात. बाकीच्या कामांना थोडी मोकळीक असते, तिला फ्लोट म्हणतात.

तुम्ही गोणीकडं बघितलंत आणि म्हणालात, "म्हंजे एक अडीचं काम आन् एक सवडीचं काम."

ज्याच्यावाचून पुढचं अडतं ते अडीचं, ज्याला सवड आहे ते सवडीचं. मी तीन महिने जे घोकत होते ते त्या दोन शब्दांत माझ्या डोक्यात बसलं. लगेच तुम्ही आपल्याच साइटवर बोट ठेवून दाखवलंत. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचा प्लेटांचा साचा, ठोकून झालं, सळई बांधून झाली, की स्लॅब टाकायच्या आधी वायरिंगचे पाइप पडले पाहिजेत. पाइपवाला पोरगा दिवसभराचं काम करतो, पैसेही थोडेच घेतो, म्हणून त्याला कोणी मोजत नाही. पण तो नाही आला तर मिक्सर थांबतो, वीस माणसं बसून राहतात, भाड्याच्या प्लेटांचं मीटर चालू राहतं. आणि कंपाउंडची भिंत, जिच्यासाठी मालक रोज ओरडत होते, ती महिनाभर मागंपुढं झाली तरी इमारतीला काही होत नव्हतं. काम किती मोठं किंवा किती खर्चाचं यावर त्याची अड ठरत नाही. हे मला वर्गात कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही माझं परीक्षेचं वेळापत्रक मागितलंत. मला वाटलं, सहज. दुसऱ्या दिवशी बघते तर स्टोअरच्या भिंतीवर खडूनं दोन रांगा: वर माझे पेपर, खाली स्लॅबच्या तारखा. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब नेमका माझ्या नापास झालेल्या पेपराच्या दिवशी येत होता. स्लॅबच्या दिवशी साइट इंजिनियरला सकाळपासून शेवटचं घमेलं पडेपर्यंत हलता येत नाही, हे सांगायला नको. तुम्ही दोन फिटर जास्तीचे लावून सळई दोन दिवस आधी उरकलीत, पाइपवाल्याला त्याच्या घरी जाऊन उठवून आणलंत, आणि पेपराच्या आदल्या दिवशी स्लॅब पडला. जास्तीची मजुरी मालकांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पुढच्या आठवड्यात फिटर कमी ठेवलेत. माणसं वाढवून अडीच्या कामाचे दिवस कमी करायचे, याला पुस्तकात क्रॅशिंग म्हणतात. ते गणित परीक्षेला बहुतेक येतंच. त्या दिवशीही आलं. माझ्या बुटांवर तेव्हा स्लॅबचा माल वाळलेला होता. या वेळी मी पास झाले.

आता डायऱ्यांचं.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला विषय घेतला, लातूर शहरातल्या बांधकामांत स्लॅबला खरोखर किती दिवस लागतात. वेळेचा अंदाज बांधायची पद्धत अशी की तीन आकडे घ्यायचे: सगळं सुरळीत झालं तर किती, नेहमी किती, आणि सगळं बिनसलं तर किती. नेहमीच्या आकड्याला चारनं गुणायचं, तिन्हींची बेरीज करायची, सहानं भागायचं. अमेरिकेच्या नौदलानं 1958 साली पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या कामासाठी ही रीत काढली. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हंजे त्यांनाबी आधी ठाऊक नसतं किती दिवस लागतील." अगदी तेच आहे, मामा. ठाऊक नसतं म्हणूनच तीन आकडे. पण ते आकडे आणायचे कुठून? आमच्या वर्गात बहुतेकांनी पुस्तकातलेच आकडे थोडे इकडचे तिकडं करून घातले होते. मीही तेच करणार होते.

तुम्ही घरून पत्र्याची पेटी आणलीत. सिमेंटच्या दुकानातून दिवाळीला वाटतात तसल्या खिशातल्या डायऱ्या, 2012 पासून 2022 पर्यंतच्या, अकरा. रोज दोन-तीन ओळी. पेन्सिलीनं, कारण पेनाची शाई घामानं फुटते. मी त्या उघडल्या त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

2016 चा उन्हाळा मी तेव्हा शाळेतल्या पोरीच्या डोळ्यांनी बघितला होता: पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, मिरजेहून पाणी घेऊन आलेली रेल्वे. तुमच्या डायरीत तो असा आहे. "टँकर नाही. पाणी मारणं बंद." दुसऱ्या दिवशी, "टँकर नाही." तिसऱ्या दिवशी, "पोती ओली करून अंथरली. पाणी घरून नेलं, 2 घागरी." आणि एप्रिलच्या 12 तारखेला, "रेल्वेनं पाणी आलं. पिण्याचं आहे, आपण मागायचं नाही." पुढचे दोन महिने एकही नवा स्लॅब नाही. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस ओल धरून ठेवावी लागते, कोरड्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी नसेल तर स्लॅब टाकायचाच नाही, हे तुम्ही ठरवलं होतंत. कुणाचं काही ऐकून घ्यावं लागलं असेल ते डायरीत नाही.

तो कडकपणा कुठून आला हे मला 2012 च्या डायरीच्या पुठ्ठ्यावर कळलं. आतल्या बाजूला तुम्ही स्वतःसाठी लिहून ठेवलंय: "पट्ट्याशिवाय भिंत वर न्यायची नाही." मी विचारल्यावर तुम्ही किल्लारीचं सांगितलंत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर गावंच्या गावं नव्या जागी वसवायला काढली, तिथं तुम्ही बिगारी म्हणून लागलात. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून घरभर फिरणारा काँक्रीटचा पट्टा भूकंपात भिंती एकत्र धरून ठेवतो, हे तुम्ही तिथं शिकलात. त्याआधी काय बघितलं होतंत ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही.

डायऱ्यांतून 46 स्लॅब निघाले. सेंट्रिंग ठोकायला घेतल्यापासून माल पडेपर्यंतचे दिवस मी एकेक मोजले. आपल्या नेहमीच्या मापाच्या घराला लवकरात लवकर 9 दिवस, बहुतेक वेळा 12, आणि बिनसलं तेव्हा 27. सूत्रात घातले की 14 येतात. आणि आपण घरमालकांना वर्षानुवर्षं सांगत आलोय, दहा दिवसांत स्लॅब! दिवस कशानं गेले तेही काढलं. मला वाटायचं पाऊस. पावसापेक्षा पाइपांनी जास्त दिवस खाल्लेत. त्याखालोखाल माणसं: ऑक्टोबरात सोयाबीन काढायला, दसऱ्या-दिवाळीनंतर कारखान्यांवर ऊसतोडीला. "9 जण गेले. पाडव्यापर्यंत येणार नाहीत," अशी नोंद जवळपास दर वर्षी आहे. दर वर्षी होणाऱ्या गोष्टीला आपण दर वर्षी अचानक आलेली अडचण म्हणत होतो.

2020 च्या डायरीत 23 मार्चनंतर पानं कोरी आहेत. मे महिन्यात मध्येच एक ओळ, "प्लेटा तशाच. भाडं चालू." ते दिवस 'बिनसलं तर'च्या आकड्यात धरायचे का, यावर मी अडले होते. तुम्ही म्हणालात, "ते साल येगळं धरा ताई, ते कुणाच्या हिशेबातलं नव्हतं." आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तंतोतंत तेच सांगितलं: असलं संकट या सूत्रात घालायचं नसतं, त्याची जोखीम वेगळी मांडायची.

मग संगणकावर कामाचं कॅलेंडर केलं. त्या सॉफ्टवेअरमध्ये शनिवार-रविवार आपोआप सुट्टी असते. ती काढली. पोळा घातला, दिवाळी घातली, आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस घातली. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिथंच बोट ठेवलं, ही कुठली सुट्टी? मी सांगितलं, सर, त्या दिवशी लातूर-धाराशिवकडं गाव सगळं शेतात असतं. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, उंडे, आंबील. साइटवर सिमेंटचा ट्रक आला तर उतरवून घ्यायला माणूस मिळत नाही. ते हसले, आणि पुढचं पान उलटायच्या आधी त्यांनी ती तारीख स्वतःच्या वहीत लिहून घेतली. मग क्रिटिकल पाथ समजावून सांगा म्हणाले. मी इंग्रजीत सुरू केलं, अडखळले, आणि मराठीत सांगितलं, सर, अडीचं काम आणि सवडीचं काम. मॅडमनी मान डोलावली. पुढच्या बॅचला त्या हे दोन शब्द फळ्यावर लिहून देतात असं परवा एका मुलीनं सांगितलं. ते कुणाचे आहेत हे मी तिला सांगितलंय.

मामा, तुम्हाला एकदा विचारलं होतं, एवढं कशाला करता माझ्यासाठी. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, घमेली मोजायला निघून गेलात. मला त्याचं उत्तर नकोय. एवढंच सांगायचंय की त्या अहवालातला प्रत्येक आकडा तुमचा आहे. डिग्रीच्या कागदावर माझं नाव आलंय, तरी त्या आकड्यांमागं अकरा वर्षं उन्हात उभं राहिलेलं माणूस कोण, हे मी विसरणार नाही आणि दुसऱ्यांनाही विसरू देणार नाही.

डायऱ्या अजून माझ्याकडंच आहेत. 2016 ची पाठ निघाली होती, ती नीट शिवून घेतलीय, पानं सगळी जागच्या जागी आहेत. मामींना सांगा, यंदा येळवसला मी तुमच्या शेतात येतेय, पेटी घेऊनच येते. आंबील माझ्यासाठी थोडी जास्त ठेवा.

तुमची,
इंजिनियरताई