त्या पानावरची सही

जांबोटी, बुधवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास. रेंज गेली असेल, असं मी तुझ्या बाबांना सांगितलं, कारण इथं तीन दिवस पाऊस नुसता ओततोय आणि माडीवरच्या खिडकीशिवाय कुठं आवाज येत नाही. पण तू ठेवलास ते मला कळलं. मी बोललेच तसं. तू पंधरा मिनिटं दवाखान्यातलं सांगत होतीस आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "सही करून टाक आणि नोकरी सांभाळ."

फोनवर माझं तोंड पुढं धावतं म्हणून पत्र लिहायला बसले. सहीबद्दल यात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

आधी जेव. मेसमधलं घशाखाली उतरत नसेल तर पेज करून घे. दादानं आणून दिलेला उकडा तांदूळ अजून असेल. सांडगी मिरची तळायची नको, वास सुटतो आणि वॉर्डन बोलते, तव्यावर भाजून घे.

तू सांगितलेलं मी सगळं ऐकलं होतं. ते तुला कळावं म्हणून लिहिते. ती बाई कागवाडकडची. कन्नड येतं, पण कळा सुरू झाल्यावर मराठीशिवाय तोंडातून शब्द निघेना, म्हणून तुला दुसऱ्या वॉर्डातून बोलावलं. २३ आठवडे ४ दिवस. बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नाहीत, गर्भाभोवती पाणी नाही. गर्भपाताला दोन डॉक्टरांच्या सह्या, तिची संमती, सगळं कायद्यात बसणारं. बाळाचं हृदय आधी थांबवायचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं. पहाटे बाळ आलं ते श्वास ओढत. ट्रेमध्ये ठेवा म्हणाले. तू ठेवलं नाहीस. हिरव्या कापडात गुंडाळून वॉर्मरखाली घेऊन उभी राहिलीस, एक बोट त्याच्या छातीवर. बाईला विचारलंस, बघायचंय का. नको म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "हात तेवढा दाखवा." तू हात दाखवलास.

४१ मिनिटं. आणि नंतर रजिस्टर पुढं आलं तेव्हा त्यात आधीच 'मृत' लिहिलेलं होतं आणि खाली तुझ्या सहीची जागा मोकळी होती.

ताई, मला फार अभिमान वाटला गं. तो तिथंच बोलायला पाहिजे होता. मला आधी तुझी नोकरी दिसली, हॉस्टेलचं भाडं दिसलं, आणि एवढ्या मोठ्या बेंगळुरात तू एकटी दिसलीस. मग मी ते बोलले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. "आईनंच नको म्हटल्यावर बाकीच्यांचं काय," असं तू म्हणालीस. तिच्याबद्दल असं मनात धरू नकोस. ती त्या टेबलावर हौसेनं आली नव्हती. मी सिस्टर म्हणून नोकरीला लागले ते १९८६ साल. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, पण आपल्या जंगलभागात तो कोणाला ठाऊक होता? दुसऱ्याच पावसाळ्यात एक बाई बैलगाडीतून आणली. गर्भ पाडायला आत चित्रकाची मुळी घातलेली. अंगात ताप इतका की हात लावला तर चटका बसावा, डोळे हळदीसारखे पिवळे. चार लेकरांची आई. खानापूरला पोचलीच नाही. तिचं लुगडं मीच बदललं. म्हणून कोणी कायदा आवळायचं बोललं की माझ्या पोटात गोळा येतो. २०२१ मध्ये काही बायकांसाठी २० आठवड्यांची हद्द २४ वर नेली, आणि बाळात मोठं व्यंग असेल तर त्यापुढंही मेडिकल बोर्डाकडं जाता येतं. ते बायकांच्या भल्याचंच झालं. कागवाडच्या त्या बाईचा १८ ते २० आठवड्यांतला स्कॅन वेळेवर झाला असता तर ती चार आठवडे आधी आली असती आणि तुझ्यावर ही पहाट आली नसती. तुम्ही मुलींनी कॅम्पमध्ये हेच सांगत फिरलं पाहिजे, तारखा लिहून द्यायला पाहिजेत, आशाताईंना धरून...

बघ, लागले शिकवायला. माफ कर. तू मला ड्युटीबद्दल विचारलं नव्हतंस.

तुझ्या मामाला मी फोन केला. तुझं नाव घेतलं नाही, पण तो वकील आहे, ओळखलं असेलच. त्यानं दोन-तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुला उपयोगी पडतील. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि तो सगळ्या देशाला लागू आहे. गर्भ किती आठवड्यांचा होता हे त्यात बघत नाहीत. बाहेर आल्यावर श्वास घेतला किंवा जिवंतपणाची कुठलीही खूण दिसली, तर तो जिवंत जन्म. जागतिक आरोग्य संघटनाही तेच धरते: श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतली धडधड, हातापायांची हालचाल. म्हणजे त्या बाळाचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही. आणि कळवायची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची, तुझी नाही.

दुसरं, मुंबई हायकोर्टानं २०१९ मध्ये सांगितलंय की गर्भपात करताना बाळ जिवंत जन्मलं तर डॉक्टरनं आणि दवाखान्यानं त्याच्यावर शक्य ते उपचार करायचे, आणि आईबाप सांभाळू शकत नसतील तर ती जबाबदारी सरकारची. निकाल महाराष्ट्राचा, आपण कर्नाटकात, तो इथं जसाच्या तसा लागत नाही म्हणे. पण निकालाला शिनोळीचा नाका आडवा आला तरी बाळ दोन्हीकडं सारखंच ना. तुझं बाळ वाचणारं नव्हतं हे मलाही कळतं. मूत्रपिंडं नसलेल्या बाळाची फुफ्फुसंच धड वाढत नाहीत. त्याला नळ्या घालून छळावं असं मी म्हणत नाही. तूही म्हणाली नाहीस. ऊब द्यायची, तोंड पुसायचं, कोणीतरी धरून बसायचं आणि वेळ लिहायची, एवढंच तुझं म्हणणं. त्यात काय चूक आहे ते मला कोणी सांगावं.

तिसरं ऐकल्यापासून मात्र मला झोप नाही. गर्भपाताच्या कायद्यात सद्भावनेनं केलेल्या कामाला संरक्षण दिलंय, पण तिथं शब्द आहे नोंदणीकृत डॉक्टरचा. सिस्टरचा उल्लेख नाही. मी त्याला तीनदा वाचायला लावलं.

तू त्या इलिनॉयमधल्या नर्सचं सांगितलंस, जिल स्टॅनेकचं. १९९९ मध्ये तिनं असंच एक बाळ कोणीच धरत नव्हतं म्हणून ४५ मिनिटं, ते जाईपर्यंत हातात धरलं. मग ती अमेरिकेच्या संसदेपुढं जाऊन बोलली आणि २००२ मध्ये तिथं जिवंत जन्मलेल्या बाळांसाठी कायदा झाला. तू ते मोठ्या भक्तीनं सांगत होतीस. मी दादाकडून मोबाईलवर बघून घेतलं. तिची नोकरी गेली, ताई. तू मला ते सांगितलं नाहीस. आणि गर्भपात सगळ्याच बायकांना बंद करू पाहणाऱ्यांत ती पुढं जाऊन बसली. तू तिकडं ओढली जाशील असं मला वाटत नाही. पण तुझं खरं कोणीतरी आपल्या कामाला उचलून नेईल, याची भीती वाटते. म्हैसाळचं आठवतं ना? २०१७ च्या मार्चमध्ये ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. ते गुन्हेगारीचं काम, मुली पाडण्याचं. पण त्यानंतर कायदेशीर कारण असलेल्या बायकासुद्धा माझ्याकडं अंधार पडल्यावर मागच्या दारानं यायच्या आणि विचारायच्या, "बाई, पोलीस धरतील का?" तुझ्या कागदाचं असं काही झालं आणि त्या कागवाडच्या बाईच्या दारात कॅमेरे गेले तर? तिचं नाव कुठं येता कामा नये. कायद्यानंही ते गुप्त ठेवायचं असतं.

आणि डॉक्टरांना सगळ्यांना एका मापानं मोजू नकोस. २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या एका बाईचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा दिल्लीच्या एम्समधूनच विचारणा आली होती की या बाळाला जगण्याची शक्यता आहे, आधी हृदय थांबवायचं का? तेही अडकलेच होते. कोर्टातल्या दोन न्यायाधीश बायकांचंही एकमत झालं नाही, एक तर आपल्या कर्नाटकातल्या नागरत्नाबाई. मग तुझ्या त्या रात्रीच्या डॉक्टरला, तोही तिशीतला पोरगाच असेल, पहाटे चार वाजता काय सुचलं असेल? मी त्याची बाजू घेत नाही. ट्रे म्हणाला ते वाईटच.

ट्रेचं तू बोललीस तेव्हाच खरं तर माझं सगळं बिनसलं. आता लिहितेच. हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही.

१९९३ मध्ये मला चार महिने दुसरीकडं डेप्युटेशनवर टाकलं होतं. दादा दीड वर्षाचा, आज्जीकडं ठेवलेला. तिथं एक मुलगी आणली. लग्न झालेलं नव्हतं, सतरा वर्षांची. बरोबर मावशी. पाळी कधी चुकली तर म्हणे रोहिणीत. नक्षत्रावर हिशेब. स्कॅन कुठला तिथं, डॉक्टरांनी हातानं बघितलं आणि अठरा आठवडे लिहिले. तेव्हा रबरी नळीतून ते पिवळं औषध सोडायचे, एथॅक्रिडिन. बोटांना लागलं की दोन दिवस पिवळेपणा जात नसे. दुसऱ्या रात्री बाळ आलं. खोलीत मी आणि आया. अठरा आठवड्यांचं तळहातावर मावतं. हे मावलं नाही. आणि दर श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती.

मी त्याला निळ्या काठाच्या एनामलच्या ट्रेमध्ये ठेवलं, वर गॉज टाकलं, ट्रे खिडकीत ठेवला. आणि पाणी उकळायला गेले. पाणी उकळलेलं होतं. परत आले तर गॉज वर-खाली होत होतं. मी पुन्हा पाणी उकळायला गेले.

दुसऱ्यांदा आले तेव्हा ट्रे रिकामा. आया भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, बाळ पदरात, आणि हळूहळू म्हणत होती, "पाप, कूसु. पाप, कूसु." कन्नडमधलं ते 'पाप' म्हणजे बिचारं, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. बिचारं बाळ, एवढंच ती म्हणत होती. पण त्या रात्री मला तो शब्द मराठीत ऐकू आला, आणि अजून तसाच ऐकू येतो.

सकाळी रजिस्टर आलं. 'मृत' लिहिलेलं होतं. मी सही केली. लग्नानंतरचं आडनाव तेव्हा मी फार वळणदार लिहायची. ती रजिस्टरं काही वर्षांनी नष्ट करतात. तुमच्याकडं आता पाच वर्षांचा नियम आहे ना? माझं पान केव्हाच गेलं. कोणी शोधलं तरी सापडायचं नाही. बाळ किती वेळ होतं, ते मी कधीच सांगू शकणार नाही. घड्याळ माझ्या मनगटावर होतं. मी बघितलं नाही.

म्हणून परवा तुला "सही करून टाक" म्हणाले. मी केली आणि मला पेन्शन मिळाली, तुमची शिक्षणं झाली, घरावर कौलं चढली. हेच तुझंही व्हावं असं आईला वाटतं. पण तुला माझ्यासारखं तीस वर्षं पाणी उकळत राहावं लागावं, असंही वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं. याचं काय करायचं ते मला समजलेलं नाही.

तरी सांगते, मानलंस तर मान. खोट्या ओळीखाली सही करू नकोस. लिहिले बघ शेवटी सहीचं. पण भांडूनही नको, आणि तोंडी तर काहीच नको. वेगळ्या कागदावर जेवढं डोळ्यांनी बघितलंस तेवढंच लिही: तारीख, जन्माची वेळ, शेवटच्या ठोक्याची वेळ, कोणाला कळवलंस. नर्सिंग सुपरिटेंडेंटना दे आणि पोच घे. डॉक्टरवर शेरा मारू नकोस. व्हॉट्सअॅपवर कोणाला फोटो पाठवू नकोस, तुझ्या रूममेटलासुद्धा नाही. आणि द्यायच्या आधी मामाला वाचून दाखव. आणि पुढच्या वेळी अशी केस आली तर इंजेक्शन द्यायचं आहे का, बाळ जिवंत आलं तर कोणी काय करायचं, हे कळा सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांसमोर विचारून घे. रात्री चार वाजता कोणालाच शहाणपण सुचत नाही.

काढूनच टाकलं तर इथं ये. काजूच्या बागेत दादाला माणूस नाहीच मिळत. नाही, असं नको लिहायला. काढणार नाहीत. तुझ्यासारखी सिस्टर त्यांना कुठं मिळायची?

शनिवारच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं निघते. बेळगावपर्यंतची बस आता बायकांना फुकटच आहे, आधार कार्ड घेतलंय. तू स्टेशनवर येऊ नकोस. रात्रपाळी असेल तर झोप, मी बाहेरच्या बाकावर बसते. कुंदा आणते, आणि लिंगायत काकूंनी दिलेली शेंगाची चटणी. बाबांना या पत्रातलं काही बोलू नकोस. मी सांगेन, सांगायचं तेव्हा.

तुझी
आई

ता. क. फोनवर पाऊस होता, नीट ऐकू आलं नाही. बाळ आलं तेव्हा ४ वाजून १० झाले होते की २०? आल्यावर सांग.