पहिल्या दिवशीच पूर्ण असलेला गेम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पानांवर गेमचा विषय येतो तो व्यसन, फसवणूक किंवा बंदी म्हणूनच. २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, त्या बातम्या हव्याच होत्या. पण एकदा पैसे मोजून घरी आणायचा, वर्षानुवर्षे राबून घडवलेला गेम ही निराळी वस्तू आहे. तिच्या कारागिरीबद्दल मराठीत फारसं छापून येत नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी बघतो. आमच्याकडे मापात न बसलेला पार्ट गाडीत चढत नाही. ‘आत्ता घ्या, पुढच्या महिन्यात नीट करून देऊ’ म्हटलं तर गिऱ्हाईक गेटवरूनच परत पाठवेल. गेमच्या धंद्यात मात्र हे सर्रास चालतं. गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीत, भरून विकत त्या काळात विकलेला माल पुन्हा हातात येत नसे, म्हणून चुका आधीच शोधाव्या लागत. इंटरनेटवरून पॅच, म्हणजे मागाहून केलेली दुरुस्ती, पाठवता येऊ लागला आणि हा धाक गेला. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तो जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांवर) इतका अडखळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. पुढे तो चांगला सुधारला, मान्य. पण पूर्ण किंमत मोजून अर्धवट माल मिळाला तो पहिल्या दिवशी विश्वासाने घेणाऱ्यांनाच.

म्हणूनच निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘टीअर्स ऑफ द किंगडम’चं मला कौतुक वाटतं. २०२२ मध्ये यायचा हा गेम मे २०२३ मध्ये आला. निर्माते एजी आओनुमा यांनी नंतर सांगितलं की गेम जवळजवळ तयार होता, ते जादा वर्ष सफाईसाठी घेतलं. खेळताना ते जाणवतं. यात फळ्या, चाकं, पंखे काहीही कशालाही चिकटवून गाडी, होडी, विमान बनवता येतं. कोणता खेळाडू काय जोडेल याचा नेम नाही, तरी चाक फिरतं आणि वजन एका बाजूला गेलं की होडी कलंडते. तेही निन्टेन्डोच्या स्विच या २०१७ सालच्या यंत्रावर! तपासणीच्या टेबलावर दिवस काढलेल्या माणसाला यामागची मेहनत कळते.

‘अॅस्ट्रो बॉट’ (२०२४) तसाच. त्यातला चिमुकला रोबो कशावरून चालतोय ते कंट्रोलरच्या थरथरीतून हाताला कळतं.

अपुरा गेम विकणं हा गुन्हा नव्हे, फक्त तसं सांगून विकावा. ‘हेडीस’ डिसेंबर २०१८ पासून ‘काम चालू आहे’ असं सांगूनच विकला जात होता, आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाला. लपवाछपवी नाही, तक्रारही नाही.

आपल्याकडे मोबाइल आणि गाड्यांची परीक्षणं येतात. कॉलेज रोडवरच्या मुलांनी साठवलेले चार-पाच हजार एका गेममध्ये जातात, तेव्हा त्याचंही परीक्षण यावं. त्यात गोष्ट कशी आहे याच्या आधी पहिल्या दिवशी, कोणत्या यंत्रावर, पॅचशिवाय गेम कसा चालला ते लिहावं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात, ही माहितीही चौकटीत द्यावी. आणि ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने केला आहे. त्या मंडळींना गाठून चुका कशा शोधतात हे विचारलंत, तर ती मुलाखत मी आमच्या विभागाच्या फळ्यावर लावीन.

आपला,
एक वाचक, सातपूर, नाशिक