राडारोड्याची पावती दाखवा, मगच पुढची परवानगी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या कोथरूड-कर्वेनगर भागात गल्लोगल्ली रिडेव्हलपमेंट चालूय, तीन-चार मजली जुन्या सोसायट्या पाडून टॉवर उभे राहतायत, पण पाडलेली बिल्डिंग जाते कुठे हे कोणी विचारतच नाही. सळ्या, ग्रिल, दारं-खिडक्या भंगारवाला लगेच उचलतो, त्याला त्याचे पैसे मिळतात. उरलेला विटा-काँक्रीटचा राडारोडा रात्री डंपरमधून निघतो आणि बऱ्याचदा नदीपात्रात नाहीतर टेकडीच्या कडेला ओतला जातो. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरून लोकांचे संसार भिजले, खडकवासला धरणाचा विसर्ग मोठा होताच, पण पात्रात भराव टाकून पाण्याची वाट आपणच अडवायची आणि दोष सगळा पावसाला द्यायचा हे चुकीचंय.

खरं तर हा माल फेकायचा नाहीच. क्रशरमधून काढला की त्याची खडी आणि वाळू होते, पेव्हर ब्लॉकला, रस्त्याखालच्या थराला मस्त चालते. खडी-वाळूच्या आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत तर साध्या (बिनसळईच्या) काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत जुन्या काँक्रीटपासूनची अशी खडी चालते असं स्पष्ट लिहिलंय, मग क्वालिटीचं कारण कशाला सांगायचं? वाघोलीला महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प आहे. पण कोथरूडहून वाघोली म्हणजे शहराचं दुसरं टोक, डिझेल आणि ट्रॅफिक धरलं तर डंपरवाल्याला नदीच जवळ पडते, खरी गोम इथे आहे.

बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या कामांना काँक्रीट, माती, विटा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगवेगळं करायला सांगितलं. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत रिसायकलिंगचं टार्गेट आलं, पण ते २०,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या प्रोजेक्टना. आमच्याकडच्या वीस-पंचवीस फ्लॅटच्या सोसायट्या त्यात कुठून बसणार, आणि पाडकाम तर सगळ्यात जास्त त्यांचंच आहे! म्हणून महापालिकेने प्लिंथ चेकिंगच्या (जोत्यापर्यंतच्या बांधकामाच्या तपासणीच्या) आधी प्रक्रिया प्रकल्पात माल पोचल्याची वजनाची पावती मागावी, पावती नाही तर पुढचं काम बंद. घरातल्या टाइल्स-बाथरूमच्या रिनोव्हेशनची पोती लोक कोपऱ्यावर टाकतात त्यांच्यासाठी प्रत्येक वॉर्डात जागा द्यावी.

आणि सोसायट्यांनाही विनंती, कार्पेट एरिया, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारा निधी), भाडं यावर आपल्या मीटिंगा रात्री बारापर्यंत चालतात, तर राडारोडा कुठे जाणार याचंही एक कलम बिल्डरच्या ॲग्रीमेंटमध्ये सही करायच्या आधी घालून घ्या.

– एक वाचक, कोथरूड, पुणे