नव्या पिस्तुलातील दोष ग्राहकाने का सोसावेत?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाना काढून रीतसर विकत घेतलेले नवे पिस्तूल सदोष निघाले, तर विक्रेत्याकडून बहुधा एकच उत्तर मिळते : 'थोडी काडतुसे झाडा, आपोआप मोकळे होईल.' हे उत्तर मलाही ऐकावे लागले, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या पिस्तुलाची बाहेरची झिलई डोळ्यांत भरण्यासारखी होती. पण स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) उतरवून आतल्या खाचांवरून कापसाचा बोळा फिरवला, तर धातूच्या कुसळांत तंतू अडकून राहत. मॅगझिनमधून (काडतुसे भरायच्या पेटीतून) वर आलेले काडतूस ज्या उतारावरून नळीत शिरते, त्या उतारावर यंत्राच्या आडव्या रेघा तशाच होत्या आणि काडतुसाचे टोक तिथेच अडून स्लाइड अर्धवट उघडी राही. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. तेच काडतूस पुन्हापुन्हा आपटले, तर गोळी काडतुसाच्या पुंगळीत (दारू भरलेल्या नळकांड्यात) मागे दबते आणि बार उडताना नळीतील दाब धोकादायक वाढू शकतो.

विक्रेत्याच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. नवी स्प्रिंग ताठ असते, ती वापराने सैलावते. मात्र वाकडी बसलेली माशी (नेम धरण्याची नळीच्या टोकाकडची खूण) किंवा काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोसा बसताच पेटणाऱ्या टोपीवर मध्य सोडून पडणारा पिनचा ठोसा कितीही गोळ्या झाडल्या तरी सुधारत नाही.

मग नळीवरील चाचणीच्या शिक्क्याकडे बोट दाखवले जाते. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या 'सीआयपी' या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या नियमांनुसार पिस्तुलाची चाचणी नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक दाबाच्या काडतुसांनी होते. त्या शिक्क्याचा अर्थ इतकाच, की हत्यार तो दाब सोसून शाबूत राहिले. काडतूस सुरळीत चढेल याची ग्वाही तो देत नाही.

ग्राहकाने स्वतः कानस हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उताराचा कोन बदलला किंवा पृष्ठभागाचा कठीण थर निघाला, तर मूळ दोष कोणाचा हे सिद्धच करता येत नाही आणि हमीही जाते. त्यापेक्षा मॅगझिनांवर खुणा कराव्यात, दुसऱ्या बनावटीची काडतुसे वापरून पाहावीत, कोणत्या मॅगझिनमधले कितवे काडतूस अडले ते टिपून ठेवावे, रिकाम्या पुंगळ्या जपाव्यात आणि रिकामे केलेले पिस्तूल लेखी तक्रारीसह कायदेशीर मार्गाने परत करावे. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी किमान ३० सेकंद सुरक्षित दिशेलाच रोखून धरावी. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर मात्र तिथेच थांबावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली, तर नळी फुटण्याचा धोका असतो.

उत्पादकांकडे माझी मागणी माफक आहे. विक्रीपूर्वी ग्राहकाला पिस्तूल उघडून पाहू द्यावे व सरावाची, दारू नसलेली नकली काडतुसे चढवून तपासू द्यावे. दुरुस्तीनंतर कोणता भाग घासला आणि कोणता बदलला, हे सही-शिक्क्यासह लिहून द्यावे. माझे पिस्तूल परत आले, तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर 'तपासले, ठीक आहे' एवढेच लिहिलेले होते.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक वाचक