थंडीतलं गांडूळखत: पोत्यात खत किती आणि पाणी किती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गांडूळखताचा जोडधंदा करा, असा सल्ला आपल्या भागात हल्ली कोणीही देतं. थंडीतल्या खताबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि गिऱ्हाइकाची फसगत होते ती नेमकी याच दिवसांत. मी स्वतः खत विकणारा आहे, तरीही हे लिहितो.

'थंडीत गांडुळं खात नाहीत' ही ओरड बऱ्याचदा जातीच्या निवडीमुळे असते. आफ्रिकन युड्रिलस जातीचं गांडूळ १५-१६ अंशांखाली मलूल पडतं, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री त्याच्याही खाली जातो. तांबडं आयसेनिया फेटिडा हे दिवस निभावून नेतं, फक्त बेड, म्हणजे गांडुळं सोडलेला शेण-पाचोळ्याचा थर, उघडा टाकू नये. नेमकी तेव्हाच ऊसतोड चालू असते आणि फडाफडांत पाचट पेटवलेलं दिसतं. तेच वीतभर जाडीनं बेडवर पसरून वर गोणपाट टाकलं की आतली ऊब टिकते. पाणी संध्याकाळी मारू नये, ऊन वर आल्यावर मारावं, तेही बेताचं. ऊब यावी म्हणून ताजं शेण ओतणारे महाभागही आहेत! ते आत तापतं आणि गांडुळं टाकीच्या भिंती चढून बाहेर पडू लागतात. १५-२० दिवस मुरलेलं शेणच घालावं.

खरा घोळ पुढे, पोतं भरताना होतो. उन्हाळ्यात पाणी तोडलं की वरचा थर चार-पाच दिवसांत भुरभुरीत होतो. ढीग केला की गांडुळं उजेड टाळून तळाला जातात आणि वरचं खत चाळून घेता येतं. थंडीत हे सगळं लांबतं. सावलीत वाळत घातलेलं खत रात्री झाकायचं राहिलं, तर पहाटेच्या दवानं पुन्हा ओलं होतं. कडक उन्हात टाकावं, तर त्यातले उपयोगी जिवाणू मरतात. इकडे अथणीचा द्राक्षवाला फोनवर 'एरेहुळू गोब्बर ऐतेन री?' (गांडूळखत आहे का हो?) म्हणून कन्नडमध्ये विचारतोय, बेळगावात टिळकवाडीतल्या कुंड्यांना दोन पोती हवी आहेत. मग ओलं खत तसंच पोत्यात जातं.

त्याचा हिशेब करून बघा. बेडमधून काढलेल्या खतात ६० टक्के पाणी सहज असतं. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात ३० किलो पाणी आणि कोरडं खत २० किलो. केंद्राच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचा ओलावा १५ ते २५ टक्के धरला आहे. २५ टक्के धरले, तरी त्याच पोत्यात साडेसदतीस किलो कोरडं खत बसतं. पैसे तेवढेच, माल जवळपास दुप्पट. याच आदेशात निदान ९० टक्के खत ४ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलं पाहिजे, दुर्गंधी नको, असंही आहे. ही चाळणी सगळ्यांकडे असते. वापरतात किती, ते पोतं उघडल्यावर कळतं.

माझी मागणी साधी आहे. होबळीच्या (तालुक्यातल्या गावांच्या गटाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात, ओलावा तपासून द्यावा. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही; १०० ग्रॅम खत घ्यायचं, पूर्ण वाळवायचं, पुन्हा तोलायचं. विकणाऱ्यानं पोत्यावर ओलावा आणि खत काढल्याची तारीख लिहावी, कन्नड आणि मराठी दोन्हींत. त्यात तरी वाद नको. घेणाऱ्यानं पोतं उघडून मूठभर खत आवळून बघावं. तळहात ओला झाला, तर भाव पाडून मागावा किंवा पोतं तिथंच ठेवावं.

आम्हा वाळवून विकणाऱ्यांना किलोमागे भाव जास्त सांगावा लागतो, हे खरं आहे. पण शेजारच्या ओल्या पोत्याचा भाव आमच्या तोंडावर मारण्याआधी दोन्ही पोत्यांतलं पाणी तेवढं वजा करावं, ही विनंती.

आपला,
एक गांडूळखत उत्पादक, ता. खानापूर, जि. बेळगाव