चौक आखताना ट्रॅक्टरची लांबीही मोजावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या फाट्यावर राष्ट्रीय महामार्ग ५३ ओलांडण्यासाठी दुभाजकात मोकळी जागा ठेवलेली आहे. तिला सगळे ‘कट’ म्हणतात. अलीकडच्या एका अपघातानंतर ती कायमची बंद करावी असे काहींचे म्हणणे आहे, तर काहींना तेथे सिग्नल हवा आहे. मला मात्र चौकाची आखणीच नव्याने व्हावी असे वाटते, आणि त्याचे कारण माझ्या ट्रॅक्टरच्या लांबीत आहे.

ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर जवळपास नऊ मीटर भरतो. महामार्गाच्या एका बाजूच्या दोन मार्गिका मिळून सात मीटर होतात आणि कडेची पक्की पट्टी दीड मीटरची असते, म्हणजे ट्रॉलीचे शेपूट पलीकडे निघेपर्यंत साडेसतरा मीटर अंतर कापावे लागते. कापसाने भरलेली ट्रॉली थांबल्या जागेवरून उचलली, तर पहिल्या गिअरमध्ये एवढ्याला आठ-नऊ सेकंद जातात. तेवढ्या वेळात ताशी १०० किलोमीटरने येणारी मोटार सुमारे अडीचशे मीटर पुढे आलेली असते. या वेगात अडथळा दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत १८० मीटर लागतात, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक धरते. म्हणजे मोटार चालवणाऱ्याला जेवढे दिसून भागते, त्याहून बरेच लांबचे ट्रॅक्टरवाल्याला दिसायला हवे, आणि आमच्या फाट्यावर त्याला शंभर मीटरही धड दिसत नाही. बरे, निम्मा रस्ता ओलांडून मधे थांबावे, तर दुभाजक जेमतेम साडेचार-पाच मीटर रुंद आहे; ट्रॅक्टर आत घेतला की ट्रॉलीचे मागचे चाक वेगवान मार्गिकेत राहते. गेल्या डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास मी असाच अडकलो होतो. मागून आलेल्या ट्रकने कसेबसे डावीकडे घेतले म्हणून आज हे पत्र लिहितो आहे. माझ्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टरची पट्टी नव्हती, हेही कबूल केले पाहिजे. ती दुसऱ्या दिवशी लावली.

दिसत नाही, यात कोणाचा वाईट हेतू नाही. समोरच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून दुभाजकात कण्हेर लावली. ती छान फोफावली, पण कटच्या अगदी टोकापर्यंत असल्याने मोटारसायकलवाल्याला पलीकडून येणारे वाहन दिसत नाही. कोपऱ्यावरच्या वावरातली तूर दिवाळीपर्यंत डोक्याएवढी होते. एसटी थांबते ती नेमकी वळणाच्या तोंडाशी, आणि उरलेली जागा वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स भरून काढतात. (ज्यांचा वाढदिवस असतो, त्यांची गाडीही याच कटमधून वळते.) कण्हेर छाटणे, कोपरा मोकळा ठेवणे आणि बसथांबा चौकाच्या पुढे हलवणे, यांना फार खर्च येणार नाही.

सिग्नलची मागणी मनापासून केलेली आहे, पण मोकळ्या महामार्गावर अचानक लाल दिवा लागला की पुढची गाडी थांबते आणि मागचा भरलेला ट्रक तिच्यावर येतो. गतिरोधक तर राष्ट्रीय महामार्गावर असूच नयेत, असे केंद्रीय मंत्रालयाचे धोरण आहे.

चार रस्ते एकाच पातळीवर मिळतात तेथे वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात आणि त्यांपैकी १६ ठिकाणी त्या एकमेकींना आडव्या छेदतात. जीव जातात ते मुख्यतः या आडव्या छेदांवर. गावाकडून येणाऱ्याला सरळ ओलांडू न देता आधी डावीकडे वळायला लावले आणि पुढे दुभाजकात स्वतंत्र वळणमार्गिका करून परत आणले, तर यांतले बहुतेक छेद नाहीसे होतात आणि एका वेळी एकाच बाजूची वाहने पाहावी लागतात. मात्र हा वळसा चार-पाचशे मीटरच्या आत हवा. दोन किलोमीटरवर ठेवला, तर डिझेल आणि वेळ वाचवण्यासाठी लोक उलट्या बाजूने गाड्या घालतील, आणि ते आजच्यापेक्षाही घातक ठरेल. शिवाय ही सोय दुचाकी-मोटारींपुरतीच आहे. सावकाश चालणाऱ्या ट्रॅक्टरला किंवा बैलबंडीला डाव्या कडेवरून दुभाजकापर्यंत जाताना दोन्ही मार्गिका तिरप्या कापाव्या लागतात. त्यांच्यासाठी खालून रस्ताच हवा.

हा भुयारी मार्गही केवळ हलकी वाहने डोळ्यांसमोर ठेवून बांधला, तर कुटाराने भरलेली ट्रॉली आणि हंगामात येणारा हार्वेस्टर त्यात शिरणार नाही. आमच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे नाल्याकडे उतार काढून पाण्याची वाट आधी केली नाही, तर पावसाळ्यात आत गुडघाभर पाणी साचेल आणि ऐन पेरणीत लोक पुन्हा वरूनच ओलांडू लागतील.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी ६१ हजारांहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर. तरीही आमचा फाटा ‘अपघातप्रवण स्थळां’च्या यादीत नाही. त्या यादीत येण्यासाठी सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू नोंदले जावे लागतात. इकडे हात-पाय मोडल्याचे प्रकरण बहुधा पोलीस ठाण्यापर्यंत जातच नाही. समोरचा उपचाराचे पैसे देतो आणि विषय मिटतो. कागदावर फाटा निर्धोक राहतो. म्हणून संबंधित कार्यालयाने केवळ नोंदींवर विसंबून न राहता ग्रामपंचायत आणि जवळच्या दवाखान्यांकडूनही माहिती घ्यावी.

याच महामार्गावर जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला दरम्यान ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून विक्रम झाला, तेव्हा आम्हालाही अभिमान वाटला होता. आता आखणी करणाऱ्या अभियंत्यांनी कापूस वेचणीच्या दिवसांत एक संध्याकाळ आमच्या फाट्यासाठी काढावी आणि भरल्या ट्रॉलीवर बसून हा चौक एकदा ओलांडावा. ट्रॅक्टर मी देतो.

आपला,
एक कास्तकार वाचक,
ता. मूर्तिजापूर, जि. अकोला