आत्याचे घर आवरण्यापूर्वी

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

घरात साठलेल्या पसाऱ्याबद्दल आत्याला सोसायटीची नोटीस आल्याचे आणि ती देवदर्शनाला गेली की माणसे लावून घर रिकामे करण्याचा तुझा बेत असल्याचे पत्रातून कळले. तुझी कळकळ मला समजते, पण हा बेत सोडून दे. तिच्या अपरोक्ष रिकामे केलेले घर पुन्हा भरेल आणि त्यानंतर ती आपल्यापैकी कोणालाही दार उघडणार नाही.

वस्तू टाकवत नाहीत, हा तिचा आळस नव्हे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या विकाराला आपल्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान दिले. त्याआधी तो बहुधा मंत्रचळाचाच, म्हणजे तेच तेच विचार व कृती टाळता न येण्याच्या विकाराचाच, भाग मानला जाई. त्यावर उपचार आहेत, मात्र त्यांत टाकण्याचा निर्णय त्या व्यक्तीनेच घेण्याचा सराव करायचा असतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तिथे आधी तूच विचारून घे.

आवराआवर वाटेपासून सुरू कर. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले कॉलियर बंधू १९४७ साली मेले, ते अशाच घरात : अंध व पांगळ्या होमरसाठी अन्न नेणारा लँगली स्वतःच रचलेल्या ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि होमर उपासमारीने गेला. म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि तिथून दारापर्यंतची वाट आधी मोकळी झाली पाहिजे. गॅसच्या शेगडीजवळचे रद्दीचे गठ्ठे त्याच दिवशी हलव आणि इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घे.

माळ्यावर उंदरांच्या लेंड्या आहेत. त्या कोरड्या झाडू नकोस, कारण त्यांची धूळ श्वासावाटे छातीत जाते. खिडक्या उघडून, हातमोजे व मास्क घालून, ब्लीचच्या पाण्याने त्या भिजव आणि थोड्या वेळाने पुसून घे. संडासाचे ॲसिड मात्र ब्लीचमध्ये मुळीच मिसळू नकोस, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

रद्दीवाल्याला गठ्ठे सरसकट देऊ नकोस. गेल्या खेपेस तिच्या जुन्या दिवाळी अंकांत, एका पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिकेच्या घडीत, मुदत ठेवीची पावती मला सापडली होती. तिला खुर्चीवर बसव, एकेक वस्तू तिच्या हातात दे आणि ती सांगेल तशी बाजूला ठेव. रिकाम्या दुधाच्या पिशव्या, मुदत संपलेली औषधे, झाकण हरवलेले डबे यांपासून आरंभ कर, कारण त्यांत तिचा जीव कमी गुंतलेला असेल. भाऊजींचे कपडे आणि त्यांच्या वह्या अगदी शेवटी घ्या. ती टाकायला नको म्हणाली तर ठेवूनच द्या. ती दमली, की त्या दिवसाचे काम तिथेच थांबव.

जागा मोकळी झाल्यावर भिंतीची ओल, बुरशी आणि वाळवी यांचा बंदोबस्त करू. गिलाव्याचा खर्च मी देईन. त्यापुढे दर आठवड्याला आपल्यापैकी कोणीतरी तिच्याकडे जेवायला जाऊन बसावे, असे मला मनापासून वाटते, कारण भाऊजी गेल्यापासून त्या घरात माणसांचा वावरच उरलेला नाही.

मुदतवाढीसाठी मी सोसायटीच्या सचिवांना आजच पत्र लिहीत आहे. तू आत्याला फोन कर आणि कधी येऊ, ते तिलाच विचार.

तुझे,
बाबा